गाडीचा रंग, गटाचा पैसा

 दुपारची कामं आवरून तुम्ही रेडिओ लावला असेल. कोणी शेंगा फोडत असाल, कोणी शिलाई मशीनवर असाल, कोणी शेळ्यांमागं माळावर असाल आणि मोबाईलवर आम्हाला ऐकत असाल. आज आम्ही जो विषय घेऊन आलो आहोत, तो आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे. आज आपण गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. त्या रंगावर हल्ली एक पारदर्शक फिल्म लावतात. तिला पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणतात, आणि दुकानदार नुसतं ‘पीपीएफ’ म्हणतात. ती फिल्म काय असते, ती कुणी लावावी, कुठं लावावी आणि कुठं पैसे वाया घालवू नयेत, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, हा पुरुषांच्या कट्ट्यावरचा विषय, आपला काय संबंध? पण संबंध आहे. आता आपल्या बचत गटांकडं गाड्या आल्या आहेत. केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली, ती याचसाठी की गटातल्या बायकांनी गाडी घ्यावी आणि आडगावातून बाजारपेठेपर्यंत माणसांची, मालाची ने-आण करावी. काही गटांनी बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली आहे. कुणी पापड-चटणी पोचवायला, कुणी दुधासाठी, कुणी घोंगड्या आणि बाजरीचे पदार्थ घेऊन प्रदर्शनाला जायला. गाडी ही आता गटाची मालमत्ता आहे. आणि मालमत्ता म्हटली की ती राखायची कशी, हा प्रश्न आपलाच झाला.

आमच्या ग्रामसंघानं पांढरी व्हॅन घेतली तेव्हाची गोष्ट सांगतो. शोरूममध्ये कागदपत्रं झाली, सह्या झाल्या. मग तिथला मुलगा गोड बोलून म्हणाला, “ताई, एवढी नवी गाडी घेताय, रंगाला फिल्म लावून घ्या. पूर्ण गाडीचे फक्त सत्तर हजार. रोख द्यायची गरज नाही, कर्जातच घालतो. हप्त्याला काही फरक पडत नाही.”

मैत्रिणींनो, ‘हप्त्याला काही फरक पडत नाही’ हे वाक्य जिथं ऐकाल तिथं पेन काढायचं. आमच्या हिशोबनीस ताईंनी तिथंच मोबाईलवर आकडे मांडले. सत्तर हजार रुपये, दहा टक्के व्याज, पाच वर्षं म्हणजे साठ हप्ते. महिन्याचा हप्ता साधारण १,४८७ रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत एकूण भरायचे ८९,२०० रुपयांच्या वर. म्हणजे सत्तर हजारांच्या फिल्मवर एकोणीस हजारांहून जास्त नुसतं व्याज. आम्ही त्या मुलाला सांगितलं, “दादा, आमच्याकडं असले निर्णय मासिक बैठकीत होतात. विचारून सांगतो.” आणि गाडी घेऊन आलो. फिल्म दुसऱ्या दिवशी लावली काय आणि पंधरा दिवसांनी लावली काय, काही बिघडत नाही. ती सोय शोरूमबाहेरही मिळते.

पण नुसतं ‘महाग आहे, नको’ म्हणूनही भागत नाही. आधी कळून घ्यायला हवं की गाडीचा रंग म्हणजे काय.

आपण पितळेच्या भांड्याला कल्हई करून घेतो. कल्हई असते केसाएवढी पातळ, पण ती गेली की आंबट कळकतं. गाडीच्या रंगाचं तसंच आहे. आतला पत्रा लोखंडाचा. त्यावर कारखान्यात पहिला थर असतो गंज रोखणारा. मग प्रायमर. मग प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या वरच्या थराची. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढीच. एवढ्याशा जाडीवर पाच-दहा वर्षं पाऊस, ऊन, धूळ आणि खडी झेलायची असते.

आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं. कारखान्यात हा रंग भट्टीत भाजून पक्का करतात. तिथं सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत उष्णता असते. नंतर गॅरेजमध्ये रंग दिला तर एवढं भाजता येत नाही, कारण तयार गाडीत प्लास्टिक, वायरी, सीट असं सगळं असतं. म्हणून कारखान्याचा रंग एकदा गेला की तो तसाच परत मिळत नाही. जुनी गाडी घेणारे व्यापारीसुद्धा पहिल्यांदा हेच पाहतात. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्याला लावतात. एखाद्या दारावर आकडा जास्त आला की विचारतात, “ही कुठं ठोकली होती?” आणि किंमत पाडतात. पाच वर्षांनी गाडी विकून नवी घ्यायची असेल, तर मूळ रंग टिकवणं म्हणजे गटाचा पैसा टिकवणं.

आता आपल्या भागात रंगाला नेमकं काय बाधतं, ते बघा.

पहिली खडी. आपल्याकडं रस्त्याची कामं कायम चालू असतात. क्रशरवरून भरलेले डंपर ताडपत्री न बांधता पळतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर माती-दगड सांडत जातात. पुण्याकडं माल घेऊन निघालं की हायवेवर पुढच्या गाडीच्या चाकातून खडा उडतो आणि बोनेटवर टक्कन बसतो. तिथला रंगाचा टवका उडतो. टवका जर पत्र्यापर्यंत गेला, तर पहिल्या पावसात तिथं तांबूस ठिपका दिसतो. तो गंज. मग तो आतून पसरतो आणि भोवतीच्या रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात.

दुसरं, पाखरांची विष्ठा. ती आम्ल असते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती तशीच वाळू दिली तर वरच्या थरात डाग खात जाते.

तिसरं, आपलेच हात. धुळीनं माखलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसायची आपल्याला सवय. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. दर फडक्यासरशी शेकडो बारीक चरे पडतात. उन्हात गाडीकडं तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या याच.

आणि चौथं, आपली पूजा. यावर कोणी रागावू नका. नव्या गाडीची पूजा झालीच पाहिजे, आम्हीही केली. पण बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून ते आठ दिवस ठेवलं, तर पांढऱ्या रंगावर गुलाबी झाक राहते. हाराची तार वाऱ्यानं घासत राहिली की तिथं चरे पडतात. म्हणून पूजा करा, नारळ फोडा, पेढे वाटा आणि संध्याकाळी ओल्या मऊ कापडानं कुंकू टिपून घ्या. हार तारेऐवजी दोऱ्यात ओवायला सांगा. देवाला काही वाटत नाही.

आता फिल्मकडं येऊ. ही फिल्म नवी गोष्ट नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरांची पाती उडणाऱ्या वाळू-खड्यांनी झिजत होती. त्यांच्या कडांना लावायला अशी चिवट पारदर्शक पट्टी वापरली गेली. नंतर ती शर्यतीच्या गाड्यांवर आली, आणि तिथून रोजच्या गाड्यांवर.

चांगली फिल्म ज्या पदार्थाची असते त्याला थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन म्हणतात. दुकानात ‘टीपीयू’ एवढंच विचारलं तरी पुरे. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खुद्द गाडीच्या रंगापेक्षाही जास्त. ती रबरासारखी थोडी ताणते, म्हणून खडा बसला की मार स्वतः झेलते आणि खालच्या रंगाला टवका पडू देत नाही. चांगल्या फिल्मच्या वर आणखी एक पातळ थर असतो. त्यावर बारीक चरा पडला, तर उन्हानं किंवा गरम पाण्यानं तो आपोआप भरून येतो. हे खरं आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण फक्त बारीक चरा. खिळ्यानं ओढलेली खोल रेघ भरून येत नाही.

आणि फिल्म काय करत नाही, तेही नीट ऐका. फिल्म पोचा थांबवत नाही. मोटरसायकल धडकली, बैलगाडीचं जू लागलं, तर पत्रा वाकणारच. आधीच गंज लागला असेल तर फिल्म तो बरा करत नाही, उलट झाकून ठेवते. आणि फिल्म लावली म्हणून गाडी धुवायची सुटका होत नाही.

सिरॅमिक कोटिंग नावाचं आणखी एक काम असतं. ते म्हणजे पातळ द्रव, रंगावर चोळून लावतात. वाळल्यावर त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन. त्यानं पाणी घरंगळून जातं, चमक राहते, धुणं सोपं होतं. पण खडा काही त्यानं अडत नाही. दुकानदार कधी कधी दोन्हींची गल्लत करून सांगतात, म्हणून फरक लक्षात ठेवा.

हे सगळं समजून घेऊन आमची बैठक झाली. बैठकीत सरळ दोन बाजू पडल्या. तरण्या पोरी म्हणाल्या, सत्तर हजारांत दोन मसाला कांडप यंत्रं येतील, फिल्म कशाला? तर एक वयस्कर मावशी, ज्या कधी फारशा बोलत नाहीत, त्या उठल्या. म्हणाल्या, “आमच्या घरात जमीन त्यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, मोटरसायकल पोराच्या नावावर. ही पहिली वस्तू हाय, जिच्या कागदावर आपल्या बायकांचं नाव हाय. तिला दोन वर्षांत गंज आला तर गाव हसंल. मला ती नवी दिसाय पायजे.” सगळ्या गप्प झाल्या. कारण मावशींचं म्हणणं नुसत्या हौसेचं नव्हतं.

मग आम्ही ठरवलं की भांडायचं नाही, बघायचं. शेजारच्या गावात तशीच व्हॅन तीन वर्षं चाललेली होती. मालकाची परवानगी घेतली आणि आम्ही सात-आठ जणी खडूचा तुकडा घेऊन त्या गाडीभोवती फिरलो. जिथं टवका किंवा चरा, तिथं खडूनं गोल करायचा. अर्ध्या तासात गाडी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसायला लागली, आणि उत्तर समोर आलं.

टवके बहुतेक सगळे पुढं होते. बोनेटची पुढची कड, पुढचा बंपर, दोन्ही बाजूंचे आरसे, आणि छताची काचेवरची पुढची पट्टी. शिवाय चाकांच्या मागं खाली, जिथं स्वतःच्याच चाकातून खडी उडते. चरे होते दारांच्या हँडलमागच्या खोलगट जागेत, नखांनी आणि बांगड्यांनी पडलेले. दाराच्या पायरीवर, चपला घासून. आणि मागच्या डिकीच्या कडेवर, पोती आत-बाहेर ओढून. बाकी दारांच्या वरच्या भागावर, छतावर, मागच्या काचेभोवती खडूचा एकही गोल नव्हता. म्हणजे पूर्ण गाडीला फिल्म लावली असती, तर निम्म्याहून जास्त फिल्म अशा जागी गेली असती, जिथं मार बसतच नाही.

आणखी एक बारकावा तिथंच कळला. बंपर प्लास्टिकचा असतो. त्यावर टवका उडाला तर वाईट दिसतं, पण गंज येत नाही. बोनेट, छताची कड आणि चाकामागचा पत्रा लोखंडाचा. पैसे कमी असतील तर पहिला मान पत्र्याला द्यायचा, बंपर नंतर.

मग आम्ही तालुक्याच्या गावी दोन आणि जिल्ह्याच्या गावी एक अशा तीन ठिकाणी विचारलं. बोनेट, छताची पुढची पट्टी, आरसे, चाकांमागचा भाग, पायऱ्या आणि डिकीची कड, एवढ्याचे सोळा हजार ठरले. ते कर्जात घातले नाहीत. गाडीच्या देखभालीसाठी दर महिन्याला आम्ही जी रक्कम बाजूला टाकतो, त्यातून दिले. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मावशींनी अंगठा नाही, सही केली.

तुमच्या गटाला किंवा घरच्यांना फिल्म लावायची असेल, तर दुकानात काय काय विचारायचं ते सांगतो. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न, फिल्म टीपीयूची आहे की पीव्हीसीची? पीव्हीसी स्वस्त असते, पण आपल्या उन्हात ती लवकर पिवळी पडते, कडक होते, तडकते, आणि काढताना डिंक रंगावर राहतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे तुकडा मागून घ्या आणि हळू ताणा. टीपीयू ताणून सोडली की बरीचशी मूळ जागी येते. पीव्हीसी ताणलेलीच राहते.

दुसरा प्रश्न, हमी किती वर्षांची आणि कशाची? पिवळं पडणं, तडकणं, कडा सुटणं यातलं काय हमीत आहे, ते कार्डावर लिहून घ्या. फिल्मच्या रोलचा नंबर कार्डावर असावा. आणि बिल जीएसटीचं पक्कं घ्या. कच्च्या चिठ्ठीवर हमी मागता येत नाही.

तिसरा प्रश्न, फिल्म कापणार कशी? काही ठिकाणी गाडीच्या मापाचा साचा कॉम्प्युटरवर घेऊन यंत्रानं कापतात. काही ठिकाणी गाडीवर ठेवूनच ब्लेडनं कापतात. हात कसलेला नसेल तर ब्लेड रंगावर रेघ मारून जातं. ही रेघ फिल्मखाली राहते आणि तिथूनच पुढं गंज धरतो.

चौथा प्रश्न, दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्ही फिल्म लावलेली एखादी गाडी दाखवाल का? आजची गाडी सगळ्यांचीच चकचकीत दिसते. जुनी दाखवायला जो तयार होतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

पाचवी गोष्ट तुम्ही त्यांना सांगायची आहे. गाडीचा एखादा भाग आधी गॅरेजमध्ये रंगवलेला असेल, तर ते लपवू नका. तो रंग पत्र्याला तेवढा घट्ट धरून नसतो. फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो. आणि नुकताच रंग दिला असेल तर किमान महिनाभर तरी फिल्म लावू नये, रंग आतून वाळायला वेळ लागतो.

फिल्म लावायच्या दिवशी कोणीतरी तिथं थांबा. गाडी आधी स्वच्छ धुतली पाहिजे, आणि रंगात रुतलेले कण एका चिकणमातीसारख्या गोळ्यानं ओढून काढले पाहिजेत. नाहीतर तो कण फिल्मखाली कायमचा फोडासारखा दिसतो. काम बंद जागेत व्हावं. रस्त्याकडेला धुळीत लावलेली फिल्म घेऊ नका. नंतर आठवडाभर गाडी धुवायची नाही. सुरुवातीला आत पाण्याचे छोटे फुगे दिसतात, ते थोड्या दिवसांत सुकून जातात. हवेचे फुगे किंवा कचरा दिसला तर मात्र लगेच दाखवा.

आता धुण्याबद्दल. आपला भाग पाण्याच्या ओढीचा, पाईप लावून गाडी धुणं आपल्याला परवडत नाही आणि शोभतही नाही. दोन बादल्या पुरतात. आधी तांब्यानं पाणी ओतून सुटी धूळ खाली वाहू द्या. मग एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं, म्हणजे वाळू परत गाडीवर जात नाही. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण वापरू नका. उन्हात धुऊ नका. बोअरचं पाणी जड असतं, ते वाळलं की पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच मऊ कापडानं टिपून घ्या. सर्व्हिसिंगला जोराच्या फवाऱ्यानं धुतात, त्यांना सांगा की फिल्मच्या कडांवर नळी जवळून मारू नका. कड एकदा उचलली की तिथं धूळ शिरते.

काही मैत्रिणी म्हणतील, सोळा हजारही आमच्याकडं नाहीत. तर ज्याला पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात, असे उपाय ऐका.

सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे. डंपरच्या मागं चिकटून गाडी चालवायची नाही. अंतर ठेवलं की निम्मे खडे पोचायच्या आत खाली पडतात. गाडी चालवणाऱ्या ताईला किंवा दादाला हे बैठकीत सांगा. दुसरा, चाकांमागं मडफ्लॅप लावून घ्या, ते काही शे रुपयांत होतं. तिसरा, टवका उडाला की तो तसाच ठेवू नका. गाडीच्या रंगाची टचअपची छोटी बाटली मिळते. जागा स्वच्छ पुसून, कोरडी करून, काडीनं एक थेंब भरायचा. दिसायला तो ठिपका दिसतो, पण पत्र्याला पाणी लागत नाही. हे काम मिरगाच्या आधी उरकून टाका. चौथा, दोन-तीन महिन्यांनी मेणाचं पॉलिश हातानं लावा. पाचवा, पाखरांची घाण दिसली की ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, घासू नका.

आणि एक काम तुम्ही घरीही करू शकता. हँडलमागच्या खोलगट जागेसाठी, दाराच्या कडेसाठी आणि पायरीसाठी फिल्मचे तयार तुकडे मिळतात. जागा धुऊन कोरडी करा. फवाऱ्याच्या बाटलीत स्वच्छ पाणी आणि लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-चार थेंब घ्या. जागेवर फवारा मारा, हातांना मारा, तुकड्याच्या चिकट बाजूलाही मारा. पाण्यामुळं तो सरकवता येतो. नीट बसला की मधून कडेकडे रबरी पट्टीनं पाणी काढत न्या. चार-पाच तास हात लावू नका. मोबाईलला काच बसवायला जेवढा संयम लागतो, तेवढाच इथं लागतो. आमच्या गटातल्या दोघींनी पहिल्याच दिवशी जमवलं.

दोन गोष्टी नियमांच्या. ही फिल्म रंगासाठी आहे, काचेसाठी नाही. काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली मनाईचा आदेश दिला होता, त्यामुळं दुकानदार ‘सोबत काचाही करून देतो’ म्हणाला तर मोहात पडू नका. नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नका. आणि रंग बदलणारी फिल्म लावायची असेल तर लक्षात घ्या, गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. आधी आरटीओत विचारा. आपली पारदर्शक फिल्म रंग बदलत नाही, तिला ही अडचण नाही. मात्र अपघात झाला तर फिल्मचा खर्च विम्यात मिळेल की नाही, हे विमा कंपनीला आधी विचारून ठेवा.

मग पूर्ण गाडीला फिल्म कुणीच लावू नये का? तसं आम्ही म्हणत नाही. गडद रंगाची महागडी गाडी असेल, रोज हायवेवर पळत असेल, रोख पैसे हाताशी असतील, आणि सात-आठ वर्षांनी जुनी फिल्म काढायचाही खर्च धरला असेल, तर खुशाल लावावी. हो, काढायचाही खर्च असतो. फिल्म आयुष्यभराची नसते. आयुष्य संपल्यावर ती गरम करून हळूहळू सोलून काढावी लागते. फार उशीर केला तर ती तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डिंक मागं राहतो. पण जी गाडी हप्त्यावर आहे, जिच्या भाड्यातून पंधरा घरांत पैसा जातो, तिच्यासाठी फिल्म हवी ती जिथं खडा लागतो तिथं, आणि तीही व्याजाच्या पैशातून नको.

आमच्या व्हॅननं फिल्म लावल्यानंतर एक उसाचा हंगाम आणि एक पावसाळा काढला. परवा बैठकीनंतर आम्ही पुन्हा खडू घेऊन आमच्याच गाडीभोवती फिरलो. बोनेटवरच्या फिल्मवर खड्यांच्या खुणा आहेत, बोटाला लागतात, पण खालचा रंग शाबूत आहे. बंपरवर फिल्म नव्हती, तिथं चार टवके निघाले. पुढच्या वर्षी देखभालीच्या पैशातून बंपरचं बघू, असं वहीत लिहिलं. मावशी गाडीकडं बघून म्हणाल्या, “नवी न्हाय दिसत, पण राखलेली दिसती.” आम्हाला वाटतं, आपल्या कामाच्या गाडीसाठी याहून मोठी पावती नको.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटाची किंवा घरची गाडी असेल, तर या रविवारी एक खडू घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. टवके मोजा, कुठं आहेत ते वहीत लिहा. पत्र्यापर्यंत गेलेले आधी बुजवा. मग ठरवा, फिल्म लावायची का आणि कुठं लावायची. गाडी नवी घेणार असाल, तर शोरूमच्या खुर्चीत बसून हो म्हणू नका. “बैठकीत विचारून सांगतो,” एवढं वाक्य पाठ करून जा. तुमच्या गाडीबद्दल काही प्रश्न असतील तर आपल्या केंद्रावर कळवा. आम्ही त्यांची उत्तरं मिळवून पुढच्या भागात सांगू.

 गाडी सावकाश चालवा, डंपरपासून लांब राहा.